छप्पर निवड मंडळ

घर गळायला लागलं की माणसं छपरवाल्याला बोलावतात. साहेबांनी मंडळ नेमलं.

साहेब म्हणजे काकूंचे यजमान. नोकरभरतीच्या कार्यालयात त्यांची सगळी हयात गेली. टेबलाच्या अलीकडे आपण बसायचं, पलीकडे घाम पुसत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि तो गेला की मान हलवायची. मान आडवी हलली की उभी, यावर लोकांचे संसार ठरायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्ली अजून त्यांना साहेबच म्हणायची आणि तेही कोणाकडून काहीही घ्यायचं झालं तरी आधी मुलाखत घ्यायचे. दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही त्यांनी एकदा विचारलं होतं, "या क्षेत्राकडे कसे वळलात?" त्या भल्या माणसाने दोन लिंबं जास्तीची टाकली आणि पळ काढला.

एरवी काकूंना या सगळ्याचं हसू यायचं. या वेळी येत नव्हतं, कारण या वेळी घरच पणाला लागलं होतं. मागच्या खेपेला मुलगा आला तेव्हा स्वयंपाकघरात आई गुडघ्यावर बसून फरशीवरचं पाणी टिपत होती. त्याने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जाताना चप्पल पायात सरकवत म्हणाला, "आई, पुढच्या वेळी येईन तेव्हा हे घर कोरडं नसेल ना, तर तुम्ही दोघं माझ्याकडे. घर विकून टाकू. गिऱ्हाईकही आहे माझ्या बघण्यात."

मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. अकराव्या मजल्यावरच्या त्याच्या घरात आईबाबांसाठी एक खोली तयार होती, तिला मोठी खिडकी होती आणि ती खिडकी उघडत नव्हती. काकू तिथे काही दिवस राहून आल्या होत्या. सून प्रेमळ, नातू गोड, सगळं काही जागच्या जागी. पण त्या घरात काकू पाहुण्या होत्या, आणि उरलेलं आयुष्य पाहुणी म्हणून काढायची त्यांची तयारी नव्हती. हे त्यांनी साहेबांना सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "काळजी करू नकोस. योग्य माणसाची निवड झाली की निम्मं काम झालं." उरलेलं निम्मं काम कोण करणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

मुलाखती बाहेरच्या खोलीत झाल्या. मध्ये जेवणाचं टेबल ओढलं, त्यावर धुतलेली चादर घातली. साहेब अध्यक्ष. शेजारचे दाताचे डॉक्टर बाहेरचे तज्ज्ञ, कारण ते कुंपणापलीकडे राहायचे. काकू सचिव, म्हणजे उमेदवाराला हाक मारायची आणि चहा आणायचा. खरं तर त्या छपरावर दर वर्षी चढणारं माणूस घरात एकच होतं. पन्हाळीत साठलेला पाला काढायला काकू वर जायच्या आणि साहेब अंगणात उभे राहून "जपून हं" म्हणायचे. कुठला पत्रा तडकलाय ते काकूंना तोंडपाठ होतं. मंडळाला मात्र त्याची गरज भासली नाही.

पहिला उमेदवार शिडी खांद्यावर घेऊनच आत आला. "आधी वर बघून येतो, मग बसतो," म्हणाला.

"आधी बसा," साहेब म्हणाले. "वर जाणं ही पुढची पायरी. तुमचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा कोणता?"

"गुडघा," तो म्हणाला.

साहेबांची मान आडवी हलली. डॉक्टरांनी हळूच सांगितलं की याची वरची दाढही गेलेली आहे.

दुसरी एक बाई होती. ती आणि तिच्या बहिणी मिळून गावभर छपरं घालायच्या. साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"तुमच्याच दारात," ती म्हणाली. "आज दुसऱ्या कोणाला काम दिलंत तर."

काकूंना ती फार आवडली. साहेबांनी तिला उद्धट ठरवलं.

मग तो आला. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, आवाज असा की ऐकणाऱ्याला डुलकी यावी आणि तरी सगळं पटावं. आत येण्यापूर्वी त्याने "येऊ का?" विचारलं, बसण्यापूर्वी "बसू का?" विचारलं. साहेबांचा चेहरा तेवढ्यावरच उजळला.

"छप्पर म्हणजे नुसते पत्रे नव्हेत, साहेब," तो म्हणाला. "छप्पर म्हणजे विश्वास."

"आणि तुमचा दोष?"

"अर्धवट काम मला बघवत नाही. घरचे म्हणतात, इतकं मनाला लावून घेऊ नये."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं ते याच उत्तराची वाट बघत होते.

बरं, माणूस नुसता बोलघेवडा होता असंही नाही. स्वयंपाकघरातला भिंतीवरचा ओघळ त्याने दारातूनच पाहिला आणि म्हणाला, पाणी टपकतंय इथे पण शिरतंय वरच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूने. नेमकं तसंच होतं. काकूंनाही ते पटलं. "मी एक विचारू का?" त्या म्हणाल्या.

"अगं, सचिवांनी प्रश्न विचारायचे नसतात," साहेब म्हणाले, आणि त्यांची मान उभी हलली.

नापास झालेल्या सगळ्यांना साहेबांनी स्वतः फोन करून रीतसर कळवलं. "आपली निवड होऊ शकली नाही, याचा मंडळाला खेद आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा." पहिल्या उमेदवाराने विचारलं, "कोण बोलतंय?" तेव्हा साहेबांनी ते सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.

काम सुरू झालं आणि दोन दिवस दृष्ट लागण्यासारखं चाललं. निवडलेल्या ठेकेदाराबरोबर त्याचा मेहुणा आला होता. मेहुणा तोंडातून शब्द काढत नसे, पण मांजरासारखा सरसर वर चढे. ठेकेदार अंगणात उभा राहून सूचना करायचा आणि मधूनमधून साहेबांना छपराचं तत्त्वज्ञान समजावून सांगायचा. जुने तडकलेले पत्रे उतरले, नवे निळे पत्रे एकामागून एक बसत गेले. स्वयंपाकघरावरचे चार तेवढे बसवायचे राहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार एकटाच आला.

"मेहुणा रुसलाय," तो म्हणाला. "काल जेवताना माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या बहिणीने, त्याला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं. रागाने निघून गेला. येईल परत. मानी आहे जरा, वेळ लागेल."

"मग आजच्या दिवस तुम्ही चढा," काकू म्हणाल्या. "चारच तर पत्रे आहेत."

ठेकेदाराने शिडीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. इतका सुरेख बोलणारा माणूस, पण वाक्य सापडायला त्याला वेळ लागला.

"काकू, मी चढत नाही."

"चढत नाही म्हणजे?"

"मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर उभा राहिलो तरी घाम फुटतो. पण काम मला खडान् खडा माहितीय हं. आमच्या धंद्यात तोंड माझं आणि पाय मेहुण्याचे."

साहेब खुर्चीतून उठले. "हे तुम्ही मुलाखतीत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, साहेब."

साहेबांनी आपली प्रश्नावली मनातल्या मनात चाळली असावी. मग जरा पडेल आवाजात म्हणाले, "खरं आहे. तो प्रश्न आमच्याकडे नव्हता." छपरवाल्याला तासभर प्रश्न विचारले, आणि तू छपरावर चढतोस का, एवढंच तेवढं राहून गेलं. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायला वेळ नव्हता. त्यांनी पहिल्या उमेदवाराला फोन लावला.

"माझी निवड झाली नाही ना?" तो थंडपणे म्हणाला. "मंडळाला खेद आहे ना? मग मंडळालाच चढवा."

त्या बहिणींकडे फोन केला, तर पलीकडे आधी हसण्याचा खळखळाट झाला, मग ती बाई म्हणाली की महिनाभर सवड नाही, आणि असती तरी आधी तिला साहेबांची मुलाखत घ्यावी लागेल. आभाळ भरून येत होतं. तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "आई, उद्या येणार होतो पण आजच निघालोय. जेवायला पोचतो."

फोन ठेवून काकू स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यासमोर उभं राहून वर पाहिलं, तर थेट ढग दिसत होते. इतकी वर्षं या ओट्यापाशी त्या उभ्या राहिल्या, कोणाला न विचारता चहा टाकला, कोणाला न विचारता सांडला. आता या घराचं गिऱ्हाईक येऊन इथे कपाटं मोजणार. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला. त्या तशाच वळून आतल्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा साहेबांची ऑफिसची जुनी पँट त्यांच्या अंगात होती, कमरेला पट्टा आवळलेला.

"अगं, हे काय?"

"शिडी धरा," काकू म्हणाल्या. "घट्ट धरा. आणि 'जपून हं' म्हणायचं नाही."

साहेबांनी शिडी धरली. कुंपणापलीकडून बघणाऱ्या डॉक्टरांना काकूंनी वरूनच हाक मारली, तेव्हा तेही निमूट आले आणि पत्रा खालून वर द्यायला लागले. ठेकेदार अंगणात आपल्या जागेवर उभा राहिला. आणि त्याची जीभ, जी आजवर नुसती गोड होती, ती आता खरंच कामाला लागली. "काकू, पाय फक्त आडव्या पाइपवर. पत्र्याच्या मध्ये नको. शाब्बास. आता नव्या पत्र्याच्या दोन नळ्या, म्हणजे उंचवटे, शेजारच्यावर चढू द्या. अजून थोडा. स्क्रू नळीच्या डोक्यावर, खोलगट भागात नाही, नाहीतर पाणी तिथेच शिरतं." एक शब्द फुकट नव्हता. काकूंना तेवढ्या घाईतही वाटलं, गुणी माणूस आहे हा. याचा धंदा जमिनीवरचा असता तर किती सुखात असता.

तीन पत्रे बसले. तिसरा जरा तिरका बसला, पण बसला. चौथा वर येत असताना फाटकापाशी गाडी थांबली.

मुलगा उतरला आणि जागच्या जागी खिळला. बाबा शिडीला मिठी मारून उभे, डॉक्टर पत्र्याखाली वाकलेले, एक अनोळखी गृहस्थ हातवारे करत बोलत होता, आणि आई बाबांच्या पँटमध्ये छपरावर.

"आई! खाली ये आधी!"

"चौथा राहिलाय."

"मरू दे तो चौथा! पडलीस तर? बास झालं हे सगळं. खाली ये, गाडीत बस, आजच तुला घेऊन जातो."

काकूंनी खाली पाहिलं. या घराचं काय करायचं, याबद्दल खालच्या प्रत्येकाला मत होतं आणि वर एकही जण आलेला नव्हता. त्या छपरावर मांडी घालून बसल्या.

"ज्याला मला न्यायचंय," त्या म्हणाल्या, "त्याने वर यावं आणि घेऊन जावं."

मुलाने बूट काढले. बाबांना बाजूला सारून तो तावातावाने शिडी चढू लागला. अकराव्या मजल्यावर राहणारा माणूस, पण तिथे तो लिफ्टने जायचा. अर्ध्या वाटेत वारा सुटला, शिडी करकरली, आणि त्याने दोन्ही हातांनी तिला कवटाळलं. पाय वर जाईना, खालीही येईना.

"आई, मला भीती वाटतेय," तो म्हणाला. लहानपणी खोलीतला दिवा घालवला की याच आवाजात म्हणायचा.

काकूंचा राग पाण्यासारखा ओसरला. त्या कडेपर्यंत सरकत आल्या. "खाली बघू नकोस. माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "इथे नाही. तुझ्याकडे. सकाळी जाग आली की पडून राहते मी, कोणी उठेपर्यंत. भांड्याचा आवाज झाला तर काय, म्हणून."

"तुला कोणी काही बोललं का?"

"नाही रे. कोणीच काही बोलत नाही. फार चांगली आहात तुम्ही सगळी. पण मला माझ्या घरात आवाज करायचाय. जमेल तितके दिवस. नाही जमलं तर मीच सांगेन तुला, ने म्हणून."

खाली ठेकेदारही गप्प होता, हे विशेष.

"ती स्क्रूची पिशवी दे," काकू म्हणाल्या.

बाबांनी पिशवी मुलाकडे दिली आणि मुलाने एक हात शिडीवरून सोडवून ती आईकडे दिली. मग पाना दिला. चौथा पत्रा वर सरकवताना त्याने खालून टेकू दिला आणि एक पायरी वर चढला, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

पाऊस आला तेव्हा सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जेवायला बसले होते, ठेकेदारसुद्धा. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. साहेबांचं लक्ष ताटात नव्हतं. ठेकेदार नजरेनेच एकेक सांधा तपासत होता. भिंत कोरडी होती, ओटा कोरडा होता.

तिसऱ्या, तिरक्या पत्र्याच्या सांध्याशी एक थेंब जमला, फुगला आणि टपकन मुलाच्या खांद्यावर पडला. साहेबांचा घास हातातच राहिला. ठेकेदाराने काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी त्याला कोपराने ढोसलं. काकू मुलाकडे बघत राहिल्या.

मुलाने वर पाहिलं. मग ताट उचललं, खुर्ची हातभर बाजूला सरकवली आणि पुन्हा बसला.

"आई," तो म्हणाला, "अजून थोडं वाढ."