वर केलेले दोन हात

परक्या देशात येऊन अकरा वर्षं झाली, तरी टेलरबाईंचं सगळं बोलणं नवऱ्याच्या तोंडून चालायचं. नवरा वेल्डर, पण बायकोपुढे रुबाब असा की तिथली भाषा जणू यानेच शोधून काढली. दर तीन महिन्यांनी इमारतीची मीटिंग भरायची. दोघं मागच्या खुर्च्यांवर बसायची. लोक बोलायचे, नवरा मान डोलवायचा आणि तिच्या कानाशी लागायचा, "रंगकामाचं चाललंय." लोकांनी हात वर केले की हा करायचा, मग ती करायची. झाली मीटिंग.

तळमजल्यावर इमारतीची एक रिकामी खोली होती, तिथे तिचं शिलाईचं मशीन होतं. कोणाच्या पँटची उंची कमी कर, कोणाच्या जॅकेटची चेन बदल. त्या खोलीत लोक तिला नावाने हाक मारायचे. बाहेर ती नुसती वेल्डरची बायको.

सहा महिन्यांपूर्वी ती ग्रंथालयातल्या भाषेच्या वर्गाला गुपचूप जाऊ लागली. नवऱ्याला चकित करायचं होतं, दुसरं काही नाही.

आजच्या मीटिंगला सेक्रेटरीबाई वहीतून वाचू लागल्या आणि टेलरबाईंना चक्क कळायला लागलं. आधी गंमत वाटली. मग तळमजल्यावरच्या खोलीचं नाव आलं. एक तारखेपासून तिथे सायकली ठेवायच्या होत्या.

"काय म्हणतायत हो?" तिने मुद्दाम विचारलं.

"काही नाही गं. जिन्यातल्या दिव्यांचं," नवरा ठसक्यात म्हणाला आणि कोणाकोणाचे हात वर जातायत ते बघू लागला.

ती उठली. मोडकंतोडकं जुळवत म्हणाली, "खोलीत माझं काम आहे. मला कोणी विचारलं नाही."

सेक्रेटरीबाई गोंधळल्या. मग सावकाश, तिला समजेल असं बोलल्या, "मागच्या मीटिंगला विचारलं होतं. तुम्ही दोघांनी हात वर केला. आम्हाला वाटलं, तुम्ही दुसरी जागा बघितलीत." त्यांनी वही पुढे केली. त्यात हात वर केलेल्यांच्या यादीत यांच्या घराचा नंबर होता.

दुसऱ्या कोणी खोली काढून घेतली असती तर ती कडाकडा भांडली असती. आता भांडणार कोणाशी? कुऱ्हाड आपली आणि पायही आपलाच. ती मटकन खाली बसली.

"तुम्हाला कळत नाही?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"कामापुरतं कळतं," तो खाली बघत म्हणाला. "वाटलं होतं, शिकेन दोन महिन्यांत. मग सांगायची लाज वाटली."

तिच्या डोळ्यांपुढून दवाखाना गेला, बँक गेली, मुलीची शाळा गेली. तिथे याने काय काय सांगितलं होतं, आणि तिने ते सगळं खरं धरलं होतं. संताप इतका आला की रडूही येईना. पण तो सगळ्यांदेखत एवढासा होऊन बसला होता. ती पुन्हा उठली आणि त्या भाषेत म्हणाली, "आम्हाला कळलं नव्हतं."

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "मग पुन्हा विचारा." त्यांच्या कोटाचं अस्तर तिनेच बदललं होतं.

"टेलरबाईंची खोली राहू द्यावी असं कोणाकोणाला वाटतं?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

आजोबांचा हात वर गेला. मग पुढच्या रांगेतले, मग खिडकीजवळचे. नवऱ्याने मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"अगं," तो पुटपुटला, "मी करू का वर?"

"करा," ती म्हणाली.