टॉवेलखालचा प्रश्न

माझा धाकटा भाऊ चांगल्या मनाने वाटोळं करतो. वाईट मनाने करणाऱ्याशी निदान मोकळेपणाने भांडता येतं. घरात त्याला खटपट्या म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. नीट चालणारा पंखा उघडायचा, न अडकणारं कुलूप तेल घालून अडकवायचं, आणि वर म्हणायचं, "आता बघ कसं मस्त झालंय." ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळतो. त्या ऑफिसचं कसं चालतं देव जाणे.

आईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढणार होते, म्हणजे त्यानंतर बोलणं बंद. मी बोलती पुस्तकं रेकॉर्ड करते, त्यामुळे माइक, भिंतींना गोधड्या टांगलेली खोली, सगळं घरात होतंच. ठरवलं, तिची रोजची वाक्यं रेकॉर्ड करून टॅबवर घालायची. एका बटणावर एक वाक्य. बटण दाबलं की आई तिच्याच आवाजात बोलणार.

आई तलावावर पोहायला शिकवायची. तिचा आवाज पाण्याच्या पलीकडच्या काठावरच्या पोराच्या कानाखाली बसायचा. मी तिच्यासमोर 'पाणी हवंय', 'बरं वाटतंय' असली वाक्यं ठेवली, तर तिने ती बाजूला सारली.

"हे खुणेनंही होतं. रागवायला शब्द लागतात. आधी कामाचं घेऊ, गोडगोड शेवटच्या दिवशी."

मग रोज दुपारी ती माझ्यासमोर बसून माइकला झापायची. 'हात लावू नकोस!' 'आधी पाय पूस.' 'एकदा सांगून कळत नाही?' 'लाज वाटत नाही का तुला?' सगळी खटपट्याच्या नावाची. माझ्यासाठी एकही नाही. विचारलं तर म्हणाली, "तू रागवायची वेळ कधी आणलीस?" खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला होता.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिला दवाखान्यात भरती करायचं होतं. खटपट्या सकाळीच आला. मी औषधं आणायला गेले आणि परत येऊन बघते तर माझ्या लॅपटॉपवर नेहमीच्या चित्राऐवजी भलताच डोंगर दिसतोय.

"हे काय?"

"ताई, तो अपडेटचा लाल ठिपका किती महिने तसाच होता! नवी सिस्टिम टाकली. आता पळेल बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या धंद्यात हातात काम असताना सिस्टिमला कोणी शिवत नाही. सिस्टिम नवी आणि आवाजाचे प्रोग्राम जुने असले की ते एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. माणूस शिडीवर चढलेला असताना कोणी शिडी बदलतं का?

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"तूच म्हणालीस ना, हळू चालतो."

"मी हळू चालतो म्हटलं. मारून टाक म्हटलं नव्हतं!"

खरखर काढणारा प्रोग्राम उघडेना. माइकची वायर ज्या डबीत जाते, ती डबी लॅपटॉपला दिसेना. खटपट्या मागे उभा राहून "हे दाबून बघ, ते दाबून बघ" करत होता. शेवटी मी त्याला खोलीबाहेर काढून दार लावलं. दुपार उलटल्यावर डबी दिसली, रेकॉर्डिंगचा प्रोग्रामही उघडला. आई खुर्चीवर येऊन बसली.

"झालं का तुमचं? मला गळा कापून घ्यायला जायचंय."

आमची एक पद्धत होती. स्क्रीनवर आवाजाची रेघ नाचायला लागली की आईचं लक्ष तिकडे जायचं, आणि ती रेघ आणखी नाचवायला आवाज चढवायची. म्हणून मी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचे आणि लगेच स्क्रीनवर टॉवेल टाकायचे. मग हेडफोनवर ऐकत बसायचे. हेडफोन लागायचा त्या डबीला. म्हणजे आवाज माझ्या कानात सरळ डबीतून यायचा, लॅपटॉपमध्ये काय चाललंय त्याच्याशी संबंध नाही.

आईने त्या दिवशी आवाज अजिबात चढवला नाही.

"खटपट्या, पंखा उघडलास म्हणून मी कधीच खरी रागावले नव्हते. आत ठोकठोक चालू असली की तू घरात आहेस हे कळायचं. बरं वाटायचं."

मग शेजारीण, मावशी, दूधवाला, सगळ्यांसाठी एकेक. शेवटी ती खुर्चीतून उठायला लागली. मी बोटाने स्वतःकडे खूण केली. आणि मला?

"तुला काय सांगायचं? तू तर इथेच आहेस."

उशीर झाला होता. मी न बघताच सेव्ह केलं आणि टॉवेलसकट लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी आई ऑपरेशनला आत होती. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. मी वाक्यं कापायला लॅपटॉप उघडला. स्क्रीनच्या मधोमध एक चौकट होती. 'हा प्रोग्राम माइक वापरू इच्छितो. परवानगी द्यायची?' खाली होय आणि नाही. नव्या सिस्टिमने काल टॉवेलखाली हा प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत बसली होती. प्रोग्राम तेवढा वेळ शांतता रेकॉर्ड करत राहिला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

"हे तू केलंस," मी म्हटलं.

त्याने चौकट वाचली. "आणि टॉवेल कोणी टाकला होता?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली इतकं मी त्याला बोलले. लहानपणापासूनचं सगळं काढलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "माझ्यासाठी काय म्हणाली गं ती?"

"रेकॉर्ड झालं असतं तर ऐकलं असतंस."

मला त्याचा राग होताच. पण त्या वाक्याचाही होता. आयुष्यभर मोडतोड करणाऱ्याला ते, आणि मला 'तू तर इथेच आहेस'. मी मूग गिळून बसले आणि मला त्यात बरं वाटत होतं.

आई घरी आली. टॅब हातात घेतल्यापासून घर पुन्हा दणाणायला लागलं. गोड वाक्यं कुठायत, असं तिने खुणेने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, अजून साफ करतेय. खटपट्या रोज यायचा, "हात लावू नकोस!" ऐकायचा, आणि जाताना दाराशी मला हळूच विचारायचा. मी रोज नाही म्हणून मान हलवायचे.

एके दिवशी त्याने आवाज न दबवता विचारलं. "ताई, रेकॉर्डिंग गेलं ते गेलं. पण तू तर ऐकलंस. सांग ना."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

तो चपला घालून जिना उतरायला लागला. मी दार लावून वळले. आई खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. टॅबवर बोट फिरवून तिने एक बटण शोधलं आणि दाबलं.

"लाज वाटत नाही का तुला?"

तलावाच्या पलीकडच्या काठावर जाईल असा आवाज. वाक्य त्याच्या नावाचं होतं, पण बघत होती ती माझ्याकडे. तिने पुन्हा तेच बटण दाबलं.

मी अनवाणीच जिन्यात धावले. तो खालच्या वळणावर पोचला होता.

"खटपट्या, थांब," मी ओरडले. "पंख्याबद्दल बोलली होती ती. वर ये, सांगते."