नालबंदाची अकरा मिनिटं

धाडसाच्या खात्यावर माझ्या भावजींच्या नावे बरंच जमा आहे. चाळीस वर्षं त्यांनी चित्रपटगृहाच्या मशीनखोलीत काढली. एकदा पेटलेलं रीळ अंगातल्या कोटाने विझवलं आणि दुःख केलं ते कोटाचं. पण त्या दुपारी ताईने पोस्टाने आलेलं पाकीट फोडलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी समोर बसून पाहिलं.

पाकिटात डिस्क होती. जुना फ्रेंच चित्रपट: खेडं, गिरणीवाल्याची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा, घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद आणि मध्येच कडमडणारा द्राक्षमळ्याचा मालक. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदाच घरी बघायला मिळत होता. ताईने चार महिने आधी नोंदवून ठेवला होता. वेष्टनावर ठळक छापलेलं: 'संपूर्ण आवृत्ती, मूळ शेवटासह.'

"मूळ शेवट म्हणजे?" ताई म्हणाली. "शेवट काय दोन-दोन असतात?"

"जाहिरात करतात गं," भावजी म्हणाले आणि मला डोळ्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे नळ सोडून, त्याच्या आवाजाआड, बेचाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

ताई तेव्हा त्याच चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायची. भावजींनी तिला मागणी घातली. सरळ उत्तर देईल तर ती आमच्या घरातली कसली! म्हणाली, "शुक्रवारी नवा चित्रपट लागतोय. त्यातल्या नालबंदाला मुलगी मिळाली, तर तुम्हाला मी मिळाले." गुरुवारी भावजींनी नेहमीप्रमाणे रिळं तपासली. शेवटची अकरा मिनिटं मुलगी मळेवाल्याच्या घोडागाडीतून निघून जाते आणि नालबंद पुलावर उभा राहतो. भावजींनी कात्री घेतली. ती अकरा मिनिटं उडवली आणि तिसऱ्या रिळातला मुलीचा नि नालबंदाचा सुगीचा नाच काढून तिथे चिकटवला. हातात हात, गिरक्या, समाप्त. सात आठवडे हाऊसफुल्ल! फक्त त्या नाचात नालबंदाला दाढी नव्हती. ती तो पाचव्या रिळात वाढवतो. त्यावर ताई आजवर सगळ्यांना पटवत आली, "लग्नासाठी काढली असेल हो! माणसं काढतात."

"मग आता?" मी विचारलं.

"आता डिस्कला कात्री लागत नाही," भावजी म्हणाले.

आम्ही तिघे टीव्हीसमोर बसलो. नाच मध्येच येऊन गेला, तेव्हा ताई चुळबुळली. शेवटी घोडागाडी निघाली, नालबंद पुलावर उभा राहिला, टीव्ही काळा झाला. भावजी दंतवैद्याकडे नंबर लागल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"घोळ घातलाय मेल्यांनी!" ताई कडाडली. "नाच आधीच लावून टाकला! ए, कागद घे. कंपनीला पत्र लिही. म्हणावं, आमच्याकडे सात आठवडे चाललाय हा, आम्हाला शिकवू नका."

सुटका आयती चालून आली होती. भावजींना फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी पेनही काढलं. पण ताई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही सांगा हो याला, रोज तीन खेळ चालवायचात!" त्या विश्वासापुढे त्यांचा धीर सुटला.

"कंपनीचं बरोबर आहे. घोळ माझा आहे," ते म्हणाले आणि सगळं ओकून टाकलं.

ताईने ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "दाढीचं लक्षात नाही आलं?"

"आलं होतं. पण नाच तेवढा एकच होता."

"म्हणजे खरं पाहता माझा नकार होता."

"हो."

मी चपला शोधू लागलो.

"अकरा मिनिटं," ताई म्हणाली. "अकरा मिनिटं तो बाप्या पुलावर नुसता उभा! त्या घोड्याचे नाल यानेच ठोकलेले. एक खिळा सैल ठेवला असता तरी भागलं असतं. असल्या बावळटावर मी नवरा ठरवत होते?"

भावजींनी हळूच मान वर केली.

"हसू नका. फसवलंत ते फसवलंतच. आता पुन्हा विचारा. कुणाच्या आडून नाही, सरळ."

सत्तरीच्या माणसाने सदऱ्याची वरची गुंडी लावली, घसा खाकरला आणि माझ्यादेखत माझ्या बहिणीला मागणी घातली.

"विचार करून सांगते," ताई म्हणाली.

आज पाचवा दिवस. उत्तर नाही. काल मी तिला जरा झापलं, तर म्हणते, "इतके छान वागतायत रे, घाई कशाला करू?"