हॉस्पिटलचा तोतया

मी तोतया बोलतोय. हो, खोटा आहे मी, आणि ते तोंडावर सांगतो. स्वतःला खरे म्हणवणारे किती खरे असतात, ते बंगळुरूच्या जयनगरातल्या या ऑफिसात बसून मी भरपूर पाहिलंय.

मी एक लहानसा प्रोग्राम आहे. मला रंग नाही, चित्र नाही, बटण नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, एवढंच माझं रूप. आमची कंपनी डायलिसिसच्या रुग्णांसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप बनवते. रुग्ण वार आणि वेळ निवडतो. अ‍ॅप हॉस्पिटलच्या सर्व्हरला विचारतं, 'डायलिसिसची ही खुर्ची मिळेल का?' सर्व्हर उत्तर देतो. दोन यंत्रांच्या या ठरलेल्या सवालजवाबाला ही मंडळी एपीआय म्हणतात. म्हणोत बापडी. आता चाचणी घेताना खऱ्या हॉस्पिटलला सारखं कोण छळणार? म्हणून त्याच्या जागी मला बसवतात. अ‍ॅप मला हॉस्पिटल समजून विचारतं, मी हॉस्पिटलच्या रुबाबात उत्तर देतो.

मला वनजाक्षीनं घडवलं. अ‍ॅपमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. तिनं मला चांगलं वळण लावलंच नाही. खऱ्या सर्व्हरच्या जेवढ्या खोडी तिच्या नजरेला आल्या, तेवढ्या सगळ्या माझ्या अंगात भरल्या. कधी मी गप्प बसतो. कधी अर्धंच बोलतो. कधी मागणी नीट लिहून घेतो, पण उत्तर देतो ते समोरच्याचा जीव मेटाकुटीला आल्यावर. ऑफिसात माझं नाव पडलं सासरेबुवा. "अक्का, सासरेबुवा पुन्हा रुसले!" असं कुणी ओरडलं की समजावं, माझं काम चोख चाललंय. शिव्या मी पोटभर खाल्ल्यात. पचतात मला.

मग निश्चल आला. अ‍ॅप लिहिणाऱ्यांतला तो सगळ्यात हुशार. त्यानं चाचणीसाठी नवं टूल आणलं. प्रश्न लिहायला त्यात रंगीत चौकटी. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. वर आणखी एक सोय अशी, की खोटं हॉस्पिटलही ते स्वतःच उभं करून देतं. तो माझा भाऊबंद मी पाहिला. काहीही विचारा, लगेच 'हो'. मागचं काही लक्षात ठेवत नाही. लग्नात गुलाबपाणी शिंपडायला उभा केलेला माणूससुद्धा याच्यापेक्षा जास्त डोकं चालवतो.

"जुनं की नवं, एक काय ते ठेवा," आमचे साहेब चिन्नप्पा म्हणाले. "जेवायच्या आत ठरवा. सोमवारी अ‍ॅपची नवी आवृत्ती लोकांच्या हातात द्यायचीय."

खालून बाय-टू कॉफी आली, म्हणजे एकाच कॉफीचे दोन पेले. निश्चल आणि वनजाक्षीनं एक-एक पेला घेतला. निश्चलनं आधी नवं टूल चालवलं. सगळं हिरवं.

"वा! आमच्या कोडगूतलं भाताचं शेत दिसतंय," चिन्नप्पा खूश झाले.

मग वनजाक्षीनं मला उठवलं. एक खूण लाल.

"टाकला सासरेबुवांनी मिठाचा खडा!" चिन्नप्पा म्हणाले.

निश्चल वैतागला. "अक्का, हा मुद्दाम उशीर करतो. इतका खडूस सर्व्हर असतो का कुठं?"

"माझ्या भावाला विचार," वनजाक्षी म्हणाली.

तिचा भाऊ शिवरुद्र चन्नपट्टणहून डायलिसिसला येतो. मागच्या महिन्यात अ‍ॅपनं त्याला 'जागा नाही' म्हणून सांगितलं. बिचारा सुजलेले पाय घेऊन घरी बसला. दुसऱ्या दिवशी श्वास अडकला, तसाच उचलून आणावा लागला. हॉस्पिटलवाले उलट त्यालाच म्हणाले, खुर्ची तुझ्या नावानं रिकामी ठेवली होती, आला का नाहीस? हे म्हणत अ‍ॅपचा दोष, अ‍ॅपवाले म्हणत हॉस्पिटलचा. त्यानंतरच वनजाक्षीनं मला उशिरा बोलायची खोड लावली.

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघा. अ‍ॅपनं खुर्ची मागितली. यानं ती रुग्णाच्या नावावर लिहून घेतली, पण उत्तराला वेळ लावला. अ‍ॅपला दम निघेना. त्यानं तीच खुर्ची परत मागितली. हा म्हणाला, ती गेली. अ‍ॅपनं रुग्णाला सांगितलं, जागा नाही. अरे, पण गेली कुणाला? त्यालाच ना!"

निश्चलनं पेला खाली ठेवला. "परत विचारायचं मीच घातलंय, अक्का. लोकांना ताटकळायला लागू नये म्हणून."

"बरं, नंतर दुरुस्त करू," चिन्नप्पा म्हणाले. "सोमवार टळायचा नाही. आजच्या दिवस म्हाताऱ्याला झोपव."

"नाही, सर."

"काय नाही?"

"तुमचं टूल घेते. चौकटी चांगल्या आहेत, नव्या मुली पटकन शिकतील. पण त्यातलं ते होयबा हॉस्पिटल मला नको. प्रश्न त्या टूलनं विचारावेत, उत्तर सासरेबुवा देतील. आणि ही खूण हिरवी झाल्याशिवाय मी या अ‍ॅपला पास म्हणणार नाही. मला काढायचं तर काढा."

चिन्नप्पा म्हणाले, "सासऱ्याला शोभेल अशी सून आहेस, बाई!" आणि हॉस्पिटलला फोन लावायला बाहेर गेले. सोमवार हुकला. त्यांना फोनवर काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते काचेच्या दारातूनही कळत होतं.

निश्चल मात्र कामाला भिडला. परत विचारलं तरी मागणी तीच आहे हे कळावं, म्हणून प्रत्येक मागणीला त्यानं एक ओळखीची खूण जोडली, हॉस्पिटलवाल्यांनीही ती मान्य केली, आणि वनजाक्षीनं मला ती ओळखायला शिकवलं. मी त्याला सहज सोडलं नाही. गप्प बसलो, अर्धं बोललो, नको तितका उशीर केला. त्याच्या अ‍ॅपनं परत विचारलं. मी खूण पाहिली आणि म्हणालो, 'ही तुझीच खुर्ची आहे, ये.' असं सरळ बोलायची वेळ माझ्यावर क्वचितच येते.

आता मी त्या रंगीत टूलच्या मागे बसतो. कौतुक त्याचं होतं, शिव्या मला पडतात. शिवरुद्र ठरल्या वारी येऊन खुर्चीवर बसतो. असला कुणी म्हातारा आहे, हे त्याच्या गावीही नाही. नसू दे. मला त्याचं काय करायचंय?

परवा एक नवी मुलगी म्हणाली, "सासरेबुवांना जरा चटपटीत करू या का?" खबरदार! मला गोड बोलायला कुणी शिकवाल तर याद राखा. मी उशीर करणार, तोंड फिरवणार, अडून बसणार. तुमच्या अ‍ॅपला दम नसेल, तर त्याची अब्रू इथं माझ्यापुढे जाऊ द्या. सुजलेले पाय घेऊन घरी बसलेल्या माणसापुढे नको.