तांडेलाची डावी बाजू

मला राग लवकर येतो, आणि आवाजाच्या बाबतीत तर फारच लवकर. बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावायचा असला की दिशा, म्हणजे माझी बायको, आधी मला भाजी आणायला पाठवते. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. दिवसभर प्रेशर-टेम्परेचरचे काटे जागेवर आणायचे आणि घरी येऊन रेकॉर्ड ऐकायच्या, एवढाच माझा संसार. अकरा वर्षांत एकेक करून टर्नटेबल, सुई, अॅम्प्लिफायर, स्पीकर असं सगळं उत्तमातलं उत्तम जमवलं. आमच्या हॉलमध्ये आता माणसांना बसायला जागा कमी आहे, आवाजाला मात्र भरपूर आहे.

राहिला होता प्रीअॅम्प. रेकॉर्डवरच्या सुईतून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो की त्याला सावरून, मोठा करून पुढं पाठवायला हा मधला डबा लागतो. तो चुकला की बाकीच्या सगळ्या सामानावर पाणी. वापीच्या मेहुलभाईंनी दोन डबे आठवडाभर ऐकायला दिले आणि बजावलं, "शनिवारी एक परत पाहिजे, दर्पणभाई. कोणता, ते तुमचे कान ठरवतील."

पहिला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. पुढं एकच पितळी खुंटी, आत मंद केशरी उजेड. दुसरा करडा, चौकोनी, पुढं बटणंच बटणं, आमच्या कंट्रोल रूममधून उचलून आणल्यासारखा. त्यातलं एक बटण मोनोचं. ते दाबलं की डाव्या-उजव्या स्पीकरचे वेगवेगळे आवाज एकत्र होऊन दोन्हीकडून सारखेच येणार. स्टिरिओचं एवढं सामान जमवून मोनो ऐकायचं म्हणजे ताजं पापलेट आणून ते वाळत घालण्यासारखं. माझं मन व्हॉल्व्हवर जडलंच होतं. फक्त बाबाचं मत हवं होतं.

माझा बाबा, दादू तांडेल, चाळीस वर्षं चिंचणीच्या किनाऱ्यावरून बोट घेऊन समुद्रात गेला. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या; सुकाण त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात. गेल्या वर्षी बोट विकली आणि तो आमच्याकडे राहायला आला. इंजिनाच्या आवाजावरून उद्या कोणता पार्ट जाणार हे सांगणारा माणूस. माझा कान त्याच्याकडून आला असं मी कारखान्यात सगळ्यांना सांगतो. पण त्याच्याकडे कौतुकाचा शब्द एकच, "बरा हाय". तो नव्या जाळ्याला म्हणायचा, शेजाऱ्याच्या जावयालासुद्धा एकदा म्हणाला. मला कधी नाही. बोट सोडून मी कारखान्यात गेलो ते त्याला लागलं असावं, असं मी धरून चाललो होतो. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी त्याच्या तोंडून मला ते दोन शब्द हवे होते. माझ्याबद्दल राहू दे, निदान माझ्या डब्याबद्दल.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. मोठमोठ्या मोटरी बंद असल्यामुळे वीज स्वच्छ मिळते, म्हणून निवाड्याचं ऐकणं मी शुक्रवारीच करतो. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर फरशीला टेप लावून खुर्चीची जागा पक्की केलेली आहे. सकाळी बाबाला तिथं बसवलं, व्हॉल्व्हचा डबा तापू दिला आणि सतार-शहनाईच्या जुगलबंदीची रेकॉर्ड लावली. सतार डावीकडून, शहनाई उजवीकडून.

दोन मिनिटांत बाबा उठला, खुर्ची फरफटत उजव्या स्पीकरपाशी नेली आणि त्याला उजवा कान जवळजवळ टेकवून बसला. आठवडाभर हेच चाललं होतं.

"बाबा, टेपवर बस ना. तिथं सगळं सारखं ऐकू येतं."

"मना हितंच बरं वाटतं."

मी दात-ओठ खाल्ले. बाजू संपली तेव्हा विचारलं, "कसा वाटला आवाज?"

"शहनाईवाला झकास. दुसरा कवा येनार?"

"दुसरा कोण?"

"सतारवाला. तूच म्हनालास ना, दोघं हायत म्हनून."

माझा पारा चढला. "चेष्टा करतोस? मी बोट सोडली त्याचा राग वीस वर्षं धरून बसलायस, तो असा काढतोस?"

बाबा माझ्याकडे बघतच राहिला. "कसला राग?"

आमचा आरडाओरडा ऐकून दिशा स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे न बघता बाबाच्या डाव्या खांद्यामागं जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, बोंबील तळलेत. देऊ?"

बाबा ढिम्म. बोंबलाचं नाव निघालं आणि बाबा ढिम्म! दिशा उजवीकडे गेली आणि तेच, तेवढ्याच आवाजात म्हणाली.

"मंग इच्यारतेस काय? आन की!"

आमच्या घरात एक नियम होता. तांडेलाच्या डाव्या बाजूला कोणी बसायचं नाही. जेवताना नाही, देवळात नाही, लग्नाच्या मांडवातही नाही. डावी बाजू सुकाणाची, तिथं बसलं की बोट कलते, असं आई सांगायची. आई चार वर्षांपूर्वी गेली, पण नियम राहिला. मी तो लहानपणापासून पाळला आणि दिशा एडवणहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिलाही बजावला. का, असं आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही.

"कदीपासून, बाबा?" दिशानं त्याच्या उजव्या बाजूला बसत विचारलं.

बाबानं आधी दोन बोंबील संपवले. मग म्हणाला, "इंजान डाव्या अंगाला. तू शाळंत होतास तवाच तो कान गेला. बहिऱ्या तांडेलाबरूबर खलाशी कोन येल? मंग तुजे आयशीनं हा नियम काढला. कोन डावीकडं बसला नाय, म्हंजी कोनाला कललाबी नाय."

"आणि मला? मला तरी सांगायचंस."

"तू सगल्यांना सांगत फिरतोस, कान बापाचा घेतलाय म्हनून." तो ताटातल्या काट्यांकडे बघत होता. "मंग काय सांगू, अर्धाच हाय?"

मला लाज वाटली. अख्ख्या कारखान्याचे बिघडलेले काटे मी ओळखतो, आणि घरातल्या माणसाचा एक कान मला पंचवीस-तीस वर्षांत कळला नव्हता. वर त्याच्यावरच ओरडलो होतो. मी उठलो, व्हॉल्व्हचा डबा बंद केला, तारा काढल्या, करड्या डब्याला जोडल्या. तीच बाजू पुन्हा लावली आणि ज्याला आठवडाभर नावं ठेवली ते मोनोचं बटण दाबलं.

बाबा आधी नुसता बसून होता. मग त्याची मान वर आली.

"आला!" तो ओरडला. "सतारवाला आला! अरं, हा तं त्याला डिवचतोय!"

आणि तो हसायला लागला. शहनाईनं उत्तर दिलं की हातातला बोंबील उंचावून तिला दाद द्यायचा, सतारीनं उलटवलं की "घे आता" म्हणायचा. दिशा पदर तोंडाला लावून हसत होती. मी हसत होतो की रडत होतो, ते तिनं विचारलं नाही.

मेहुलभाईंना लगेच फोन केला. "व्हॉल्व्हवाला घेऊन जा."

"अरे दर्पणभाई, साउंड तर त्याचाच चांगला आहे!"

"माहीत आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसरी बाजू लावली आणि सवयीनं स्टूल घेऊन बाबाच्या उजवीकडे गेलो. त्यानं हातानंच हटकलं. "तिकडं नको. तिकडं बसलास का बडबड करशील. डाव्या अंगाला बस, मना आयकू दे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या बापाच्या डाव्या बाजूला बसलो. काहीही कललं नाही.

बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "डबा बरा हाय."

"बाबा," मी त्याच्या डाव्या कानाशी म्हणालो, "तू पन बरा हायस."

त्याला ऐकू गेलं नाही. म्हणून तर मला म्हणता आलं.