हेमचंद्रकाकांच्या मूठभर अक्षता

मित्रांनो, तुमच्या घरातला कॉम्प्युटर गाणी लावतो, खेळ दाखवतो. मला यातलं काहीच येत नाही. मी एका जुन्या मिलिंग मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर आहे. मशीन धातू कापतं. कुठे आणि किती कापायचं, हे त्याला मी सांगतो. माझा पडदा हिरवा आहे, अंग पत्र्याचं आहे, आणि मला कामं फ्लॉपीवरून द्यावी लागतात. फ्लॉपी म्हणजे काय, ते आजोबांना विचारा.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी फिनिक्सच्या एका वर्कशॉपमध्ये मी पंपांचे बारीक भाग कापले. तिथे माझं फार कौतुक होतं. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापुढे उभं करत. पुढे नवी मशीन आली आणि माझ्या डोक्यावर लोक कॉफीचे कप ठेवू लागले. शेवटी लिलाव झाला आणि चँडलरच्या हेमचंद्रकाकांनी मशीनसकट मला उचललं.

काका चिप बनवणाऱ्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी आम्हाला गराजमध्ये ठेवलं. रेखाकाकूंनी एवढंच विचारलं, "मग गाडी कुठे झोपणार?" गाडी तेव्हापासून ॲरिझोनाच्या उन्हात झोपते. पण काकूही लवकरच माझ्या बाजूच्या झाल्या. ओळखीत कोणाचं काही मोडलं की त्याचा भाग काका आमच्याकडून करून देत. काकू तो पोचवायला जात आणि पोटभर गप्पा मारून येत.

दसऱ्याला काकू आमची पूजा करत. हळदकुंकू, फूल, अक्षता. काका ताट धरून शेजारी उभे राहत. मी पडलो ओहायोचा, मला त्यातलं काय कळणार? पण वर्षातून एकदा कोणी फूल वाहिलं तर कोणाला आवडणार नाही?

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. गराजचं दार बरेच दिवस उघडलं नाही. उघडलं तेव्हा काका आत येऊन नुसते खुर्चीवर बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चालू केलं. त्यानंतर ते रोज सकाळी येऊ लागले.

गेल्या दसऱ्याला काकांनी एकट्याने पूजा केली. आठवत आठवत हळद लावली, कुंकू लावलं आणि लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता माझ्यावर टाकल्या. माझ्या डोक्यावर हवेसाठी फटी आहेत. एक दाणा आत गेला, प्रोसेसरवरच्या चिमुकल्या पंख्यात अडकला आणि पंखा थांबला.

आता मी थोडा वेळ काम केलं की तापायचो आणि मध्येच बंद पडायचो. मला कारण ठाऊक होतं, पण मला फक्त आकडे बोलता येतात. मी पडद्यावर बिघाडाचा आकडा दाखवला. काकांनी माझ्या माहितीपुस्तकात पाहिलं. तिथे लिहिलं होतं, कंपनीला फोन करा. कंपनी केव्हाच बंद पडली होती.

काकांची मुलगी राधिका दूर वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला असते. ती फोनवर म्हणाली की नवा कंट्रोल, म्हणजे माझ्या जागी नवा कॉम्प्युटर, घ्यायचा तर तो अख्ख्या मशीनपेक्षा महाग पडेल. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मी येतेय. तोवर चाललं नाही तर भंगारवाला दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी घेऊन जाईल, आणि बाबा, तू माझ्याकडे राहायला ये." काका 'बरं' म्हणाले. मग बराच वेळ माझ्या पत्र्यावर हात ठेवून बसले. भंगारात मी जाणार होतो, पण चेहरा त्यांचा उतरला होता.

मग देवांग आला. तो मूळचा नागपूरचा, शेजारच्या गल्लीत राहतो आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शनिवारी तो म्हणायचा, "काका, सिम्पल आहे." एका शनिवारी पॉवर सप्लाय सिम्पल होता, म्हणून त्याने कपाटातल्या जुन्या पीसीचा आणून बसवला. नंतर मेमरी सिम्पल होती. ती त्याने मुलीच्या खोडरबराने घासली आणि मला स्ट्रॉबेरीचा वास येऊ लागला. काकांना वाटलं, गराजमधला उकाडा बाधलाय. त्यांनी माझ्या डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवली. ती गळली, तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो.

दाणा कोणाला दिसेना, कारण काकांचा एक नियम होता. आधी वीज बंद, मग झाकण उघडायचं. चिप कंपनीत त्यांनी जन्मभर तो पाळला होता. मित्रांनो, वीज बंद असली की सगळेच पंखे थांबलेले असतात.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी राधिका आली. मशीनवर ओळखीतल्या शरयूकाकूंच्या पुरणयंत्राचा दांडा अर्धा कापून अडकला होता. देवांगने वीज बंद केली, झाकण काढलं आणि म्हणाला, "बघ, आत सगळं ठीक आहे."

"बंद असताना सगळं ठीकच दिसणार," राधिका म्हणाली. "उघडंच ठेवून चालू कर."

काका म्हणाले, तसं करत नाहीत.

"बाबा, कसा आहेस विचारलं की तूही फोनवर हेच करतोस. झाकण लावून 'ठीक' म्हणतोस."

काकांनी दोघांना मागे सरायला सांगितलं आणि स्वतः बटण दाबलं. बाकीचे पंखे फिरले. एक नाही फिरला. लगेच वीज बंद झाली. राधिकाने पर्समधला भुवयांचा चिमटा आत घातला आणि लाल दाणा बाहेर काढला.

देवांगने तो उन्हात धरून पाहिला. "काका, हा राईस आहे?"

"अक्षता," काका म्हणाले.

"किती टाकल्यास?" राधिकाने विचारलं.

"मूठभर. तुझी आई टाकायची ना."

"आई दोन दाणे ठेवायची. झाकणाच्या कडेला, हाताने."

"मी ताट धरून उभा असायचो," काका म्हणाले. "तिच्या हाताकडे कधी पाहिलंच नाही."

देवांग हसू आवरायला बाहेर गेला. गाडीजवळ जाऊन तो पोटभर हसला, ते मला आत ऐकू आलं. पंखा आधी कुरकुरला, मग फिरू लागला. झाकण लावून त्यांनी मला कामाला लावलं. दांडा पुरा झाला तरी मी बंद पडलो नाही.

राधिकाने भंगारवाल्याला फोन केला आणि सांगितलं, "पिकअप कॅन्सल करा." मग तिने खुर्ची ओढून घेतली. तिने पुन्हा विचारलं, बाबा, कसा आहेस? या वेळी काका ठीक म्हणाले नाहीत. घरात स्वयंपाकघराकडे जावंसं वाटत नाही, असं म्हणाले. राधिका उठली नाही. मी मुद्दाम पुढचा भाग सावकाश कापला.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारखं जुनं काही घरात असेल तर ते बंद करून 'ठीक आहे' म्हणू नका. आम्ही काम करत असताना जवळ येऊन बसा. हात मात्र आत घालू नका. आणि बसलात की लगेच उठू नका.