बिनसाबणाचा दोरा

सेनगावच्या त्या खाजगी दवाखान्यात चार नंबरच्या खाटेभोवती ही गर्दी! पेशंट कमी, बघणारेच जास्ती. मधी वैजनाथबुवा, डोळे पांढरे करून घुमून राहिलेला.

"खाटेखाली मेलेली बाळंतीण बसली! टाके चाटून राहिली!"

तीन बायांचे टाके चिघळले, तवा दवाखान्याच्या मालकानं बुवाला बोलावलं. बुवानं सगळ्या सिस्टरांच्या मनगटाला काळा दोरा बांधला. "काढायचा न्हाई. अन् साबण लागला की बंधन तुटलं!" महिन्यात तिनाचे सात झाले. बुवा म्हणला, "चवताळली!" म्हंजी कमी झालं तर बुवाची करामत, वाढलं तर भुताची. बराबर धंदा!

सातवी होती ह्याच चार नंबरवरची, साखरा गावची राणी. सिझर होऊन नऊ दिवस झाले, टाक्यातून पू, अंगात ताप, लेकरू जवळ घ्यायची ताकद न्हाई. उशाशी तिची माय, चतुराबाई. तिलाबी आधी बुवाचं पटलं होतं. लेक हातची चालली की माणसाला कायबी पटतं.

त्या दिवशी सपना सिस्टर पट्टी बदलायला वाकली. पट्टी अजून सोडलीबी न्हवती, तरी चतुराबाईच्या नाकात वास गेला. तिनं सपनाचं मनगट धरलं, दोरा हुंगला.

"अगं बाई! माझ्या लेकीच्या टाक्याचा वास तुझ्या हाताला काहून?"

"मावशी, सोडा ना."

"हात धुतीस का न्हाई?"

"बोटं धुते की. मनगटाला साबण चालत न्हाई, बुवानं सांगितलं."

"अन् संडासावरून आल्यावर?"

"तवाबी बोटंच, मावशी."

नव्या डॉक्टर प्रियदर्शनी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी तो दोरा कापला. दोरा अन् राणीचा पू, दोन्ही तपासाया धाडले. तिसऱ्या दिवशी दोन कागद आले. चतुराबाईला वाचता येत न्हाई, पण तिनं कागद शेजारीशेजारी धरले.

"हे तर सारखेच दिसून राहिले, म्याडम."

"सारखेच हायेत. जंतू एकच. बहुतेक औषधं पचवून बसलाय, दोनच लागू पडतात. ह्या खाटेवरून त्या खाटेवर तो आमच्याच हातानं जातो. आधी आम्ही हात धड धुवत न्हवतो म्हणून तीन. दोऱ्यानं धुणंच बंद केलं म्हणून सात."

दारात बुवा "कलियुग, कलियुग" करून राहिला. चतुराबाई म्हणली, "बुवा, तुमचं पोट फाडलं असतं तर ह्याच हातानं पट्टी करून घेतली असती का?"

बुवाला एकदम आपल्या एसटीची वेळ आठवली, अन् तो सटकला.

सगळ्यांचे दोरे कापले. राणीला बराबर इंजेक्शन सुरू झालं. सपना रडाया लागली, "मावशी, मला माहीत न्हवतं वो."

"रडू नको. धू. कोपरापतूर धू, मला दिसू दे."

सहाव्या दिवशी ताप उतरला अन् राणीनं लेकरू छातीशी घेतलं.

तवा बाबांनो, तुमच्या माणसाच्या जखमेला डॉक्टर हात लावो का आया, आधी इचारा, हात धुतले का? लाजू नका. राग आला तर येऊ द्या. राग उतरतो, हा जंतू लवकर उतरत न्हाई.